जोडीला की ऐवजी? : कर्करोग आणि नैसर्गिक उपचार



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले, तेव्हा आम्ही किमान वेतनावर नाहीतर कंत्राटी पद्धतीवर बोलू, अशी त्यांची समजूत होती. ज्याने तीस वर्षे कारखान्यांच्या दारात सभा घेतल्या, त्याच्याकडून दुसरी अपेक्षा तरी कोणी का करावी? आम्ही विषय कळवला तो हा. तेव्हा चिटणीसांनी पुन्हा फोन करून खात्री करून घेतली. त्यांचे चुकले नाही. आम्ही डॉक्टर नाही, वैद्यही नाही. आमची शाळा दहावीत सुटली. पुढे जे काही शिक्षण झाले ते कामगार कल्याण केंद्राच्या वाचनालयात, रात्रपाळी नसेल त्या दिवशी. असे असता हा विषय आम्ही का घ्यावा? त्याला कारण आहे, आणि ते आधी सांगितल्याशिवाय पुढे बोलण्याचा आम्हांला अधिकार पोचत नाही.

२००४ सालची गोष्ट. आमच्या फाउंड्रीत एक मोल्डर होता. वयाने आमच्याहून चार वर्षांनी मोठा, साचा भरण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. तोंडात मावा अखंड. त्याच्या गालात आतून पांढरा चट्टा पडला, मग न भरणारी जखम झाली. एका इस्पितळात तुकडा काढून तपासला, कर्करोग निघाला. डॉक्टर म्हणाले, “गाठ अजून लहान आहे. ऑपरेशन करू, मग शेक देऊ.” बायकोने विचारले, “तोंड वाकडं होईल का हो?” डॉक्टर म्हणाले, “थोडं होईल,” आणि त्यांनी पुढच्या माणसाला आत बोलावले. एवढ्या मोठ्या संकटाची सगळी बोलणी पाच मिनिटांत आटोपली.

आठवड्याभरात कोणीतरी एका झाडपाल्याचे औषध देणाऱ्याचा पत्ता आणला. कापायचे नाही, जाळायचे नाही, रोग मुळातून जाईल. आम्ही स्वतः गाडी करून त्याला तेथे घेऊन गेलो. त्या गृहस्थाने त्याला जवळ बसवून घेतले, मुलांची चौकशी केली, अर्धा तास सगळे ऐकून घेतले. सहा महिन्यांच्या पुड्या दिल्या. पैसे संघटनेच्या साहाय्य निधीतून गेले, आणि त्या व्हाउचरवर सही आमची होती. पहिले काही दिवस बरे वाटले. पाचव्या महिन्यात मानेत गाठ आली. त्याच इस्पितळात परत गेलो, तेव्हा डॉक्टर रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “आता कापण्यासारखे राहिले नाही.” पुढच्या वैशाखात तो गेला. दिवसकार्य झाल्यावर त्याच्या बायकोने आम्हांला एकच विचारले : “तुम्ही तर वाचणारं माणूस. तुम्हांला ठाऊक नव्हतं का?”

आम्हांला ठाऊक नव्हते. त्यानंतर जे वाचले, जाणत्यांना विचारले, ते आज आपल्यापुढे ठेवीत आहोत. ते सारे दोन शब्दांत मावते : ‘जोडीला’ आणि ‘ऐवजी’. रुग्णालयातील उपचार चालू असताना त्यांच्या जोडीला काही करणे ही एक गोष्ट आणि त्या उपचारांऐवजी काही करणे ही अगदी वेगळी गोष्ट. बाजारात मात्र दोहोंना ‘नैसर्गिक उपचार’ हे एकच नाव आहे आणि घोटाळा तेथेच सुरू होतो.

प्रथम रोग म्हणजे काय ते पाहू. आपल्या शरीरातल्या पेशी ठरलेल्या शिस्तीने वाढतात, ठरलेल्या वेळी मरतात आणि नव्यांना जागा देतात. एखाद्या पेशीच्या आतल्या सूचनांत बिघाड झाला की ती थांबत नाही, मरतही नाही. एकीच्या दोन, दोहोंच्या चार असे होत गाठ बनते, आणि काही काळाने तिच्यातल्या पेशी रक्तावाटे दुसरीकडे जाऊन बिऱ्हाड करतात. बिघाड करणारी कारणे पुष्कळ आहेत. पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यवैद्याने १७७५ साली धुराडी साफ करणाऱ्या पोरांच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला. धंद्यामुळे होणाऱ्या कर्करोगाची ही पहिली मोठी नोंद. आपल्याकडे तंबाखू हे सर्वांत ठळक कारण. यातून ध्यानात घ्यायचे ते वेळेचे महत्त्व. गाठ एका जागी आहे तोवर ती काढता येते. ती पांगली की काम फार अवघड होते. पाच महिने वाया गेले म्हणजे काय गेले, हे आता आपल्याला कळेल.

येथे कोणी म्हणेल, हे सारे पाश्चात्त्य वैद्यकाचे बोलणे झाले. तर मग सुश्रुताकडे जाऊ. सुश्रुतसंहितेत ‘अर्बुद’ नावाने गाठींचे वर्णन आहे, त्यांवर शस्त्र, क्षार आणि अग्नी यांचे उपचार आहेत, आणि गाठीचा काही अंश मागे राहिला तर ती लवकरच पुन्हा वाढते, असा इशाराही आहे. म्हणजे ‘कापू नका, जाळू नका’ हे आयुर्वेदाचे सांगणे आहे असे जो म्हणतो, त्याने सुश्रुत उघडून पाहिलेला नाही.

आता झाडपाल्याविषयी. झाडपाल्यात काही नाही, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. उलट कर्करोगावरची कित्येक प्रभावी औषधे झाडांतूनच आली आहेत. आपल्या परसात सदाफुली असते. तिचा पाला मधुमेहावर चालतो असा समज होता, म्हणून कॅनडातील रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीर यांनी ती तपासायला घेतली. साखर काही उतरली नाही, पण प्रयोगातल्या प्राण्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकदम घटल्या. ज्या रोगात याच पेशी बेसुमार वाढतात, त्या रक्ताच्या कर्करोगावर हे द्रव्य चालेल, हा विचार त्यातून पुढे आला. १९५८ साली त्यांनी विनब्लास्टीन हे द्रव्य जाहीर केले. त्याच झाडातून निघालेले विनक्रिस्टीन लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर आजही दिले जाते.

दुसरे उदाहरण तर आपल्या महाराष्ट्राच्या माणसाचे आहे. नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी मुंबईत शिकून अमेरिकेत गेले. तेथे मन्रो वॉल यांच्याबरोबर त्यांनी यू नावाच्या झाडाच्या सालीतून टॅक्सॉल वेगळे केले. साल गोळा झाली १९६२ साली, द्रव्याची रचना प्रसिद्ध झाली १९७१ साली, आणि औषध म्हणून अमेरिकेत परवानगी मिळाली १९९२ साली. मध्ये तीस वर्षे गेली. आज स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगावर ते जगभर वापरतात.

याच दोघांनी १९६६ साली एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन काढले. आपल्या सह्याद्रीच्या घाटांत नरक्या नावाचे घाणेरड्या वासाचे झाड आहे, त्यातही हेच द्रव्य सापडते. त्यासाठी या झाडाची चोरटी तोड किती झाली, हे वनखात्याच्या माणसांना विचारावे. परंतु हे द्रव्य माणसांना देऊन पाहिले तेव्हा विषबाधा इतकी झाली की १९७० नंतरच्या काही वर्षांत ते प्रयोग थांबवावे लागले. मग रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्या रचनेत फेरफार केले, मात्रा ठरवली, आणि १९९६ साली इरिनोटेकॅन आणि टोपोटेकॅन ही दोन औषधे अमेरिकेत मान्य झाली.

या तिन्ही कथांचे तात्पर्य एकच. झाडात गुण होता, पण गुण म्हणजे औषध नव्हे. सदाफुलीच्या शेकडो किलो वाळलेल्या पानांतून जेमतेम ग्रॅमभर औषध निघते. कोणत्या रोग्याला किती मिलिग्रॅम, किती दिवसांनी, कोणती तपासणी करून द्यायचे, हे ठरायला वर्षे लागली. परसातली पाने वाटून प्यायल्याने ते औषध पोटात जात नाही. जाते ते विष, आणि तेही बेहिशेबी. निसर्गातले ते निरुपद्रवी, असे मानणाऱ्याने धोतरा आणि कण्हेर आठवावी.

हिशेब हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. संघटनेत कोणी वर्गणी गोळा केली की आम्ही पावतीपुस्तक मागतो. किती पावत्या फाडल्या, किती रक्कम आली, किती शिल्लक, सारे दाखवावे लागते. ‘आमच्या औषधाने अमका बरा झाला’ हे फाडलेल्या एका पावतीसारखे आहे. पुस्तक कोठे आहे? एकूण किती आले? त्यांतल्या कितींचा तुकडा तपासून रोग पक्का झाला होता? कितींनी आधी ऑपरेशन करून घेतले होते? किती दगावले? बरा झालेला माणूस चार गावांत सांगत फिरतो. आमचा मोल्डर सांगायला कोठून येणार?

वैद्यकशास्त्र हा हिशेब कसा ठेवते? साधारण सारख्या स्थितीचे रोगी घ्यायचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडायचे, एका गटाला नेहमीचा उपचार आणि दुसऱ्याला त्यासह नवा उपचार द्यायचा, आणि वर्षानुवर्षे दोन्हीकडच्यांची गणती करायची. गट चिठ्ठीने पडतात, म्हणून कोणाला आपल्या आवडीचे धडधाकट रोगी एका बाजूला वळवता येत नाहीत. जेथे नवे औषध पहिल्यांदाच तपासायचे असते, तेथे निदान रोग पक्का झालेले सगळे रोगी पहिल्या दिवसापासून मोजतात, कोणालाही गाळत नाहीत.

अशा मोजणीने काही गोष्टी पार निकालात निघाल्या. जर्दाळूच्या बियांतून काढलेले लेट्राइल एके काळी अमेरिकेत फार गाजले. त्याला जीवनसत्त्वाचे खोटे नावही दिले होते. १९८२ साली मेयो क्लिनिक आणि इतर केंद्रांनी १७८ रोग्यांवरचा निकाल प्रसिद्ध केला. एकही बरा झाला नाही, आणि काहींच्या रक्तात सायनाइड धोक्याच्या पातळीजवळ पोचले. कडू जर्दाळूच्या बीतले हे द्रव्य पोटात फुटते, तेव्हा त्यातून सायनाइड सुटते.

आता आमच्या दोन शब्दांचा हिशेब ऐका. २०१८ साली अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी बरा होण्याजोग्या टप्प्यातील कर्करोगाच्या अशा २८१ रोग्यांची माहिती तपासली, ज्यांनी नेहमीच्या उपचारांऐवजी दुसरेच काही घेतले होते. नेहमीचा उपचार घेणाऱ्यांशी ताडून पाहता त्यांच्या मृत्यूचा धोका अडीच पट निघाला. स्तनाच्या कर्करोगात तो पाच पटींहून जास्त होता. हे झाले ‘ऐवजी’चे.

‘जोडीला’ घेणाऱ्यांचे काय? त्याच संशोधकांनी त्याच वर्षी दुसरा अभ्यास केला. नेहमीचा उपचार सुरू करून जोडीला दुसरे काही घेणाऱ्यांत पाच वर्षांनी शंभरांतील ८२ हयात होते. जोडीला काही न घेणाऱ्यांत ८७. मृत्यूचा धोका दुपटीच्या घरात. असे का व्हावे? तर या लोकांपैकी पुष्कळांनी ठरलेल्या उपचारांतला एखादा भाग नाकारला होता : कोणी शस्त्रक्रिया, कोणी केमोथेरपी, कोणी शेक. तो नकार हिशेबात धरला की उरलेला फरक ठामपणे दिसेनासा झाला. म्हणजे घात केला तो त्या नकाराने. कारखान्यात मदतनीस म्हणून आणलेल्या माणसाला पुढे करून कसलेल्या कारागिराला घरी बसवतात, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे. येथेही तेच घडते. जोडीला म्हणून घरात आलेली गोष्ट हळूहळू ऐवजी होऊन बसते.

मग जोडीला काय करावे? पुष्कळ काही करता येते, आणि त्याचाही हिशेब मांडला गेला आहे. पहिली गोष्ट म्हणजे चालणे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे ऑपरेशन आणि केमोथेरपी झालेल्या ८८९ रोग्यांचे चिठ्ठीने दोन गट केले. एका गटाला आरोग्याची पुस्तिका दिली; दुसऱ्याला तीन वर्षे शिक्षकाच्या देखरेखीखाली व्यायाम दिला, आणि पुष्कळांचा व्यायाम म्हणजे झपाझप चालणे हाच होता. २०२५ साली निकाल आला : आठ वर्षांनी व्यायामाच्या गटात शंभरांतील ९० हयात, दुसऱ्यात ८३. व्यायाम फुकट आहे, म्हणून त्याची जाहिरात कोणी करीत नाही.

योगासने आणि प्राणायाम यांनी थकवा कमी होतो, झोप सुधारते, मनाची धास्ती उतरते. स्तनाच्या कर्करोगानंतर घ्यायच्या काही गोळ्यांनी सांधे फार दुखतात. त्यावर ॲक्युपंक्चरचा उपयोग २०१८ सालच्या २२६ स्त्रियांच्या प्रयोगात दिसला. केमोथेरपीने मळमळते, तेव्हा डॉक्टरांच्या औषधाच्या जोडीला अर्धा ते एक ग्रॅम सुंठ घेतल्याने पहिल्या दिवसाची मळमळ कमी झाली, असे २०१२ सालच्या एका मोठ्या प्रयोगात आढळले. भजन, संगीत, हलक्या हाताचे मालीश यांनीही जिवाला विसावा मिळतो. यांतले काहीही गाठ विरघळवीत नाही. तसा दावा प्रामाणिक माणूस करणारही नाही. पण उपचार सोसण्याचे बळ यांतून येते, आणि उपचार पुरा करणे ही अर्धी लढाई आहे.

वेदनेबद्दलही एक शब्द. मॉर्फिन हे अफूच्या बोंडातून येते, म्हणजे तेही झाडाचेच देणे. व्यसनाच्या भीतीने आपल्याकडे ते रोग्यापर्यंत पोचत नसे. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन वाट थोडी मोकळी झाली. आमच्या मित्राला शेवटचे दोन महिने ते मिळाले नाही. रोग बरा होण्याजोगा नसला तरी दुखणे थांबवणे हा उपचारच आहे, आणि तो मागून घ्यावा.

आता धोके. एक, औषधांची आपसांत मारामारी. युरोपात उदासीनतेवर सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती घेतात. ती यकृताला औषधे झपाट्याने बाहेर टाकायला लावते. मघाचे इरिनोटेकॅन चालू असताना ती घेतली, तर त्याचा रक्तातील परिणामकारक अंश सुमारे चार दशांशाने घटतो, असे २००२ साली डच संशोधकांना दिसले. म्हणजे झाडातून मिळालेले औषध दुसऱ्या झाडाने निकामी केले. दोन, यकृताला इजा. गुळवेलीनंतर यकृत बिघडलेल्या रोग्यांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाला तो निष्कर्ष मान्य नव्हता, परंतु केमोथेरपी चालू असलेल्या माणसाने हा वाद आपल्या यकृतावर सोडवू नये. तीन, धातू. अमेरिकेत २००८ साली इंटरनेटवरून विकली जाणारी १९३ आयुर्वेदिक औषधे तपासली, तेव्हा पाचांतल्या एकात शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. चार, पथ्य. दूध बंद, डाळ बंद, नुसता फळांचा रस, असे पथ्य केल्याने गाठ उपाशी मरत नाही. माणूस मात्र रोडावतो, आणि पुढचा डोस लांबणीवर पडतो.

एवढे सारे असून लोक तिकडे का जातात? अडाणी म्हणून? आम्ही तसे मानीत नाही. आम्ही गेलो, कारण तेथे कोणीतरी अर्धा तास ऐकून घेतले. रुग्णालयात रांग असते, डॉक्टर थकलेले असतात, शब्द कळत नाहीत. तोंड वाकडे होईल का, या प्रश्नात एका बाईचे सारे घर उभे होते. त्याला ‘थोडं होईल’ एवढे उत्तर पुरत नाही. डॉक्टरमंडळींना आमची हात जोडून विनंती आहे की, जेथे आपल्याला वेळ नसेल तेथे निदान बोलायला एक माणूस नेमावा. दुसरे कारण पैसा आणि मुक्काम. मुंबईला जायचे म्हणजे राहायचे कोठे, ही काळजी आधी. परळचे टाटा रुग्णालय १९४१ सालापासून कर्करोग्यांसाठी उभे आहे, आणि तेथल्या रोग्यांना दादरच्या गाडगेमहाराज धर्मशाळेचा आसरा आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे अनेक उपचार बसतात. विमा योजनेतल्या कामगाराला ई.एस.आय.चा आधार आहे. हे कागद जुळवून देणे हे संघटनेचे, मंडळाचे, शेजाऱ्याचे काम आहे. पुड्यांसाठी वर्गणी काढण्यापेक्षा तेथे चार हेलपाटे घालावेत.

आणि लबाडांचे काय? संसदेने १९५४ सालीच आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध कायदा केला आणि ज्या रोगांवर हमखास उपायाची जाहिरात करू नये, त्यांच्या यादीत पुढे कर्करोगही घातला. तरीही भिंतीवर आणि हातातल्या फोनवर जाहिराती येतातच. कायद्याला डोळे द्यायचे काम आपले आहे.

शेवटी, घरात हे संकट आले तर पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात. तुकडा तपासायला घाबरू नये. सुई लावल्याने रोग उधळतो ही भीती खोटी, तपासणी टाळल्याने मात्र वेळ जातो. डॉक्टरांचे म्हणणे पटले नाही, तर दुसऱ्या कर्करोगतज्ज्ञाचे मत जरूर घ्यावे. काढा, चूर्ण, मुळी, जे काही घेत असाल ते डॉक्टरांना दाखवावे. ते रागावले तरी दाखवावे. आणि कोणीही ‘तिकडचे बंद करा, मग आमचे सुरू करा’ म्हणाला की तेथून उठावे. त्या एका वाक्याने तो स्वतःची ओळख देतो.

आमच्या संघटनेचा साहाय्य निधी आजही चालू आहे. कोणी कर्करोगासाठी अर्ज आणला की आम्ही एक प्रश्न विचारतो : जोडीला की ऐवजी? जोडीला असेल तर सुंठेलाही पैसे देतो, योगाच्या वर्गालाही देतो. ऐवजी असेल तर व्हाउचरवर सही करीत नाही. त्या माणसाबरोबर रुग्णालयात जातो, आणि तो आत असेपर्यंत बाकावर बसून राहतो. त्या माउलीच्या प्रश्नाला वीस वर्षांत आम्हांला एवढेच उत्तर सापडले. ते आपल्या स्वाधीन करून आम्ही आपली रजा घेतो.